सासूबाई कायमच्या बंद करण्याबाबत

वर नोंदलेल्या नावाची मी, वय ६८ वर्षे, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त ऑपरेटर, राहणार दवाखान्यामागील गल्ली, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी जिवंत आहे. हे आधी लिहून घ्यावे.

मी व माझी धाकटी सून एकत्र राहतो. मुलगा जहाजावर असतो. सून दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. शनिवारी मी बहिणीकडे गेले, फोन घरीच विसरला. बहिणीकडे फोन नाही. आज सोमवारी दुपारी बारा वाजता परतले, तर दाराशी हवालदार उभे होते. मला पाहून ते दोन पावले मागे सरले. माझ्या खुनाच्या संशयावरून सुनेला साडेनऊपासून ठाण्यात बसवून ठेवल्याचे त्यांनी सांगितले.

ठाण्यात मला तिची कामाची वही दाखवण्यात आली. ती आज सकाळी दवाखान्याच्या नव्या कारकुनाने तिच्या टेबलावर वाचली व पोलिसांना कळवले. शुक्रवारची नोंद अशी: "सासूबाई पुन्हा अडल्या. उघडून पाहिल्या, आतून जळल्यात. आता उपाय नाही. सोमवारी सकाळी कायमच्या बंद करते. त्यांचं सगळं थोरल्या जावेकडे वळवते."

अक्षर सुनेचेच आहे. सासूबाई हा तळमजल्यावरचा प्रिंटर आहे. थोरली जाऊ वरच्या मजल्यावरचा. नणंद रंगीत छापते. कारकुनाने साप साप म्हणून भुई धोपटली.

तिच्या कामाबद्दल सांगते की, भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालून तिने त्याचा प्रिंट सर्व्हर केला. चाळीस टेबलांवरचे कागद आधी त्याच्याकडे जातात. तो ते रांगेत लावून ज्याच्या त्याच्या प्रिंटरला देतो. एक्स्चेंजमध्ये आम्ही सहा बायका हेच करायचो, तरी लोक ओरडायचे. तिच्यावर चार वर्षांत कोणी ओरडलेले नाही. प्रिंटर अडला की ती रांग थांबवते, कागद दुसरीकडे वळवते, मगच यंत्राला हात लावते. पेशंटचा एक रिपोर्ट हरवू देत नाही. प्रत्येक बदल वहीत लिहिते, म्हणजे ती नसताना कोणाचे अडू नये. पोरगी हुशार आहे. मी हे घरी कधी बोलले नाही.

त्या प्रिंटरला माझे नाव का, असे ठाण्याच्या साहेबांनी माझ्यासमोर तिला विचारले. मलाही तेच विचारायचे होते. ती खाली बघत म्हणाली, "कुठला प्रिंटर ते ज्यानं सांगितलंच नाही, त्याचं काम आपोआप सासूबाईंकडे जातं, साहेब. घरीपण तसंच आहे. कुणी काही ठरवलं नसलं की आई करतात."

मी पाणी मागितले. हवालदारांनी दिले.

माझी सुनेविरुद्ध तक्रार नाही. तिला लगेच सोडावे. नवीन प्रिंटर येईल त्याला नुसता नंबर देते, असे ती म्हणते. त्यास माझी हरकत आहे. यंत्र बदलले तरी रांगेचे नाव तेच ठेवता येते, हे तिनेच मला मागे शिकवले होते.

हा जबाब मी चष्मा लावून वाचला, नंतर हवालदारांकडून मोठ्याने वाचून घेतला. सून समोरच्या बाकावर बसून ऐकत होती. सर्व बरोबर आहे.