शंभरात तीनची चूक

इस्लामपुरात बाप-लेक गाडीत चढले. क्रांतीच्या मांडीवर खोकं होतं. रविराज कंडक्टरनं त्यांना सांगलीची दोन तिकिटं दिली आणि मागच्याच सीटवर टेकला.

"दुकानदारानं परत न्हाई घेतलं तर गं?"

"पण परत कशाला द्यायचं, आबा? चांगला चालतोय ऑसिलोस्कोप."

"तूच म्हनलीस, शंभर व्होल्टाला तीन व्होल्ट चुकतोय. उसाच्या काट्यानं शंभर किलोला तीन किलो खाल्लं तर गप बसू का आपुन?"

"मोजायला मीटर हाय माझ्याकडं. ह्यो विजेची चाल दावतो. कुठं अडखळती, कुठं थरथरती, त्ये पडद्यावर रेघेत दिसतं."

"चाल?"

"मेंढरू आजारी हाय, हे तुमी वजन करून ओळखता व्हय?"

"वजन कशाला? कळपात चालताना बघितलं की कळतंय."

"मग."

गाडीनं उसाचा एक ट्रॅक्टर मागं टाकला.

"आन् चाल खरी दावतो?"

"लय जोरात पळणारी वीज असली तर ह्याला दिसायची न्हाई. स्वस्तातला हाय. पंपाची पॅनेलं दुरुस्त करायला मात्र पुरून उरतोय."

आबा मागं वळले.

"कंडक्टर, आष्टा आलं का?"

"हे काय, आलंच. पण तुमची तिकिटं सांगलीची हायती, आबा."

"असू द्या. पोरीनं हितं दुरुस्तीच्या दुकानाला गाळा बघून ठेवलाय. मी अजून बघितला न्हाई."

रविराजनं घंटी ओढली तसे आबा उठले.

"आण, ते खोकं माझ्याकडं दे. पायरी उंच हाय."