वामनाचं दहावं

मृत्यूपुढे सगळे समान, मंडळी! राजा असो, रंक असो, मुंगी असो, हत्ती असो — त्या दारात सगळ्यांची उंची एकच!

हे वाक्य मी आजवर सतरा गावांत म्हटलं. सतराही गावांत माना डोलल्या. आत्ता तुमच्याही डोलल्या, मी बघितल्या. खोटं आहे हो ते!

माणूस गेला तर चौकात फलक लागतो. ऑफिसात रजा मिळते. शेजारचे पिठलं-भात आणून देतात. आणि कुत्रं गेलं तर? ‘अरेरे! किती वर्षांचं होतं? तेरा? मग जगलं की!’ आणि लगेच — ‘आता दुसरं कधी आणताय?’ बायको गेलेल्या माणसाला हा प्रश्न निदान वर्षभर तरी कोणी विचारत नाही. हसू नका, पहिल्या रांगेतले काका. काकू बघतायत.

तर आजचा प्रश्न असा. सख्खा गेला, दहा दिवस सुतक. लांबचा गेला, तीन दिवस. अकराव्या दिवशी माणूस दाढी करतो, चहात साखर घालतो, कामाला लागतो. शास्त्राने माप घालून दिलंय. पण ज्याचं सुतकच नाही, त्याचं दुःख कुठल्या दिवशी संपवायचं? पंचांगात शोधलंत तर सापडणार नाही. मी शोधलंय.

पेटीवाले, पट्टी जरा खाली घ्या. आख्यानाचा नायक म्हातारा आहे.

नदीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथेही माझं कीर्तन असतं. गावाला घाट, घाटावर उंबराचं झाड, आणि झाडाखाली चौतीस वर्षं बसलेले दामूगुरुजी. काम काय? दहावं, बारावं, तेरावं. लग्न लावणारे गुरुजी वेगळे, सत्यनारायण सांगणारे वेगळे. हे आपले मेलेल्यांचे. म्हणजे गावातल्या प्रत्येक घराला यांची गरज, आणि प्रत्येक घराची इच्छा एकच — हे आपल्या दारात दिसू नयेत! बारशाला बोलावणं नाही, मुंजीला नाही, लग्नाला तर नाहीच. रस्त्यात समोर आले तर लोक नमस्कार करायचे — पण पलीकडच्या कडेने.

घरीसुद्धा तेच. घाटावरून आले, की उमाकाकू आतून ओरडायच्या, “आधी आंघोळ करा!” मागच्या दाराला बादली भरलेली. चौतीस वर्षं हा माणूस स्वतःच्या घरात मागच्या दाराने शिरला.

आणि मग सोळा वर्षांपूर्वी वामन आला. वामन म्हणजे कुत्रं. कोणत्या जातीचं? काकू सांगायच्या, “आमच्याच!” तळहातावर मावेल एवढं पिल्लू. पहिलं पाऊल ओट्यावर, दुसरं स्वयंपाकघरात. आणि तिसरं कुठे ठेवू? गुरुजी घाटावरून आले होते, आंघोळ व्हायची होती — तिसरं थेट त्यांच्या छातीवर! मान चाटली, कान चाटले, तोंड चाटलं. काकू ओरडल्या, “अहो, विटाळ!” आता विटाळ कुणाचा कुणाला, ते काकूंनाही सांगता येईना!

विचार करा, मंडळी. जगात एकच जीव, जो या माणसाला कधी म्हणाला नाही, की आधी आंघोळ करा.

आता गुरुजींची एक सवय ऐका. दहाव्याला कुटुंब आलं की दर्भ-तीळ मांडता मांडता ते विचारायचे, “शेवटी जवळ कोण होतं?” सहज. कुणी म्हणायचं, “मी होतो.” गुरुजी मान हलवायचे. कुणी म्हणायचं, “मी कामावर होतो, गुरुजी. फोन आला तोवर...” त्यावर गुरुजी एवढंच म्हणायचे, “हं.”

हं! एक अक्षर! पण त्या ‘हं’ने माणसं पुढची दहा वर्षं कूस बदलत राहिली. आणि पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला, तर सगळ्यांच्या नजरा त्या ‘हं’वाल्याकडे! मग त्याने पिंडापुढे हात जोडून कबूल करायचं — आईला बघीन, बहिणीला अंतर देणार नाही. तरी नाहीच शिवला, तर गुरुजी दर्भाचा कावळा वळायचे, गाठ मारून चोच काढायचे आणि तो पिंडाला शिववायचे. “झालं. सुटला जीव.” लोक रडायचे. मोकळे होऊन घरी जायचे.

चौतीस वर्षं लोकांना मोकळं केलं या माणसाने. लक्षात ठेवा.

वामनाची मूत्रपिंडं गेली. अन्न सोडलं, पाणी सोडलं. मागचे पाय ओढत ओढत मागच्या दारापर्यंत यायचा आणि बादलीजवळ पडून राहायचा. गुरुजी त्याला रिक्षातून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, “आजोबा, याला फार त्रास आहे. इंजेक्शन देऊन सोडवू या. सही करा.”

गुरुजींनी सही केली.

“जवळ थांबता?”

आणि इथे, मंडळी, गुरुजींच्या ध्यानात आलं, की आपण हजारोंची दहावी केली — पण मरताना एकालाही बघितलेलं नाही! आपल्याकडे सगळे झाल्यावर येतात!

“पाणी आणतो त्याला,” म्हणाले, आणि बाहेर आले.

बाहेर भिंतीवर लाळ्या-खुरकुताच्या लशीचा तक्ता होता. तो वाचला. पुन्हा वाचला. कोणत्या महिन्यात, किती मात्रा, गाभण गाईला द्यावी की नाही. आजही विचारा, पाठ आहे.

दार उघडलं. टेबलावर वामन होता. त्याचं तोंड दाराकडे होतं.

मृदंग नको. गप्प बसा जरा.

घरी आले. काकूंनी विचारलं, “त्रास झाला का हो त्याला?” “नाही.” “तुम्ही होतात ना?” गुरुजी मागच्या दाराकडे गेले. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. रात्रीच्या भातात त्यांनी सवयीने त्याचा वाटा काढला, आणि तो तसाच झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशीही काढला. तिसऱ्याही. नऊ दिवस दोघं एकमेकांशी भाजी, दूध आणि गॅस एवढ्यावर बोलले.

नवव्या दिवशी गुरुजी म्हणाले, “उद्या वामनाचं दहावं करतो.”

“कुत्र्याचं? शास्त्रात आहे?”

“नाही.”

काकू उठल्या, तांदूळ निवडायला बसल्या. खाली बघूनच म्हणाल्या, “तूप घालते. तुपाशिवाय खायचा नाही तो.”

दहाव्याला मुलगा केस उतरवतो. गुरुजींना केस नव्हतेच. मिशी होती, पांढरी, भरघोस, वीस वर्षांची. घाटावर केस उतरवायचं काम किसनरावांचं, म्हणजे गावच्या न्हाव्याचं. किसनराव त्या दिवशी उशिरा आले, एक वाजता. अंगात धुवट शर्ट, हातात भरलेली पिशवी. पिशवीत काय, ते गुरुजींनी विचारलं नाही. नदीपलीकडे कुठेतरी सनई वाजत होती. तेही विचारलं नाही. ज्या घरांत सनई वाजते, त्या घरांची चौकशी करायचं गुरुजींनी तरुणपणीच सोडलं होतं.

“किसन, मिशी काढ.”

“गुरुजी... लोक विचारतील की, कोण गेलं म्हणून.”

“विचारू देत.”

मिशी गेली. पिंड मांडला. दोघं मागे सरकून बसले आणि वर बघितलं.

उंबरावर एक कावळा नाही!

एरवी वीस-पंचवीस! दर्भाची जुडी सोडायच्या आत खाली उतरणारे! पोटासाठी का होईना, चौतीस वर्षांत घाटावर कावळ्यांचा खाडा नाही! आणि आज पान हलतंय, बस्स.

पाच मिनिटं. पंधरा. अर्धा तास. पिंडाला मुंग्या लागल्या. किसनरावांना राहवेना. इच्छा राहिली असणार! उठले, हात जोडले, “वामना, तुझी गोधडी कुणाला देणार नाही रे!” झाड गप्प. “वामना, काकूंना एकटं सोडणार नाही आम्ही!” गप्प. “वामना, त्या कुलकर्ण्यांच्या बोक्याला मी स्वतः धडा शिकवतो!” — हसा, मंडळी, हसा. किसनरावांना पण वाटलं, गुरुजी हसतील.

गुरुजी उठले. पिंडापुढे गुडघे टेकले. चौतीस वर्षं ज्या जागेवर दुसऱ्यांना बसवलं, तिथे पहिल्यांदा स्वतः बसले.

“वामना,” म्हणाले, “मी बाहेर होतो.”

सनई वाजत होती.

“पाणी आणायला नव्हतो गेलो. भ्यालो. तू बघत असशील दाराकडे. मी आत यायला हवं होतं रे. दोन पावलं होती.”

उंबराखाली नुसतं ऊन.

किसनरावांनी हळूच दर्भ उचलला, वळायला घेतला. इतकी वर्षं बघून बघून त्यांनाही येत होतं. गाठ मारली, चोच काढली. “गुरुजी, हा लावा आणि मोकळे व्हा. उन्हात किती बसाल?”

गुरुजींनी तो दर्भाचा कावळा हातात घेतला. बघत राहिले.

“हे आपण लोकांसाठी करतो, किसन.”

“मग तुम्ही कोण?”

“लोकांना तो कावळा दिसतो. मला दर्भ दिसतो.”

काय बोलला हा माणूस, कळलं का? ज्या औषधाने सगळं गाव बरं केलं, ते स्वतःच्या हाताने कुटलेलं! त्यात काय आहे ते ठाऊक! आता स्वतःला देणार कसं? त्याने दर्भाची गाठ सोडली. पिंड उचलला, मुंग्यांसकट, आणि नदीत सोडला. तूप थोडा वेळ पाण्यावर दिसलं.

साडेतीनला घरी आले, मागच्या दाराने. काकू उंबऱ्यात उभ्या. नऊ दिवस एकदाही रडल्या नव्हत्या. मिशी नसलेल्या ओठाकडे बघितलं.

“शिवला?”

गुरुजी म्हणाले, “शिवला.”

“लगेच?”

“ठेवला आणि शिवला.”

आणि मंडळी, त्या बाईने तिथेच, दाराची चौकट धरून, जे रडायला सुरुवात केली! दहा दिवसांचं एकदम! “सुटला हो माझा बाळ,” म्हणाल्या. “सुटला!” गुरुजी बघत उभे राहिले. चौतीस वर्षं घाटावर हेच बघितलं होतं — मोकळं होणारं माणूस. हात पुढे करावा म्हणून एक पाऊल टाकलं.

काकूंनी डोळे पुसले, बादलीकडे बोट केलं.

“आधी आंघोळ करा.”

झालं आख्यान. आता तुम्ही म्हणाल, बुवा, पुढे? पुढे काय! गुरुजी घाटावर बसतात. दहावी करतात. ‘शेवटी जवळ कोण होतं’ हे विचारायचं त्यांनी सोडलं. ‘हं’ म्हणायचंही सोडलं. दर्भाचा कावळा लोकांना अजून वळून देतात, पण देताना मान वर करत नाहीत. मिशी पुन्हा ठेवली नाही. येणारे-जाणारे विचारतात, “गुरुजी, कोण गेलं?” ते म्हणतात, “घरातलं.” “कधी?” या प्रश्नाला सुरुवातीला म्हणायचे, महिना झाला. मग, वर्ष झालं. आता तीन वर्षं झालीत, आणि अजून कोणाला तरी तसंच सांगतात, जसं काल झालंय. शास्त्रात माप नाही ना! मग थांबणार कुठे?

सुरुवातीला मी प्रश्न विचारला होता. उत्तर मिळेल म्हणून तुम्ही मांडी बदलत दीड तास बसलात. माझ्याकडे उत्तर नाही. मीही दर्भच वळतो, मंडळी! तुम्ही येता, मी कथा वळतो, गाठ मारतो, चोच काढतो, तुम्ही डोळे पुसता आणि मोकळे होऊन घरी जाता. आज नाही वळणार. आज तुम्ही घरी जा आणि आठवा — तुम्ही कुठल्या दाराबाहेर उभे होतात? कोणता तक्ता वाचत होतात? आई आत होती, का आजोबा, का एखादं मांजर, ते मला सांगू नका. मी ‘हं’ म्हणेन, आणि ते तुम्हाला झेपणार नाही. आणि उद्या शेजारच्याचं कुत्रं गेलं, तर कृपा करून ‘दुसरं आणा’ म्हणू नका. काही म्हणूच नका. भिंतीला टेकून बसा त्याच्याजवळ थोडा वेळ. तेवढं दार तरी ओलांडा.

हं, एक राहिलं. कावळे का आले नाहीत?

मी किसनरावांना गाठून विचारलं. ते म्हणाले, “पलीकडच्या काठावर सरपंचांच्या नातवाची मुंज होती की. सकाळी बटूचं डोकं मीच केलं. कार्यालयामागे उष्ट्या पत्रावळींवर गावचे सगळे कावळे होते, मी येताना बघितले.”

“अहो, मग गुरुजींना सांगितलं का नाही?”

“मुंजीतलं गुरुजींना कोण सांगतं? वाईट वाटतं त्यांना, बोलावत नाहीत ते.”

पंगतीला जिलबी होती. त्यांच्या पिशवीतही तीच होती, पाव किलो.