यादीत चौथा नंबर

— नाही, खाट मिळणार नाही. खाट सोडून बोला. टेबल राहील, ते कपाट राहील, खिडकीचे पडदे हवे असतील तर तेही ठेवते, माझ्याच हातचे आहेत, पण खाट नाही — अहो, बसू नका म्हणत नाहीये मी, बसा की. बसायला कुणाची ना आहे? मी देण्याघेण्याचं बोलतेय. मालकांनी तुम्हाला सांगितलं असेल, सामानासकट मिळेल म्हणून. त्यांना काय जातंय सांगायला? ते राहतात का इथे? त्यांचे वडील होते तेव्हा ते निदान वरच्या मजल्यावर राहायचे, छत गळलं की आधी त्यांच्याच डोक्यावर गळायचं, मग माझ्या. हे धाकटे मालक फोनवरचे मालक. काल फोन आला — उद्या अकरा वाजता परदेशातल्या एक बाई येतील, रिटायर झाल्यात, आपली भाषा शिकून आल्यात, त्यांना खोली नीट दाखवा. नीट म्हणजे कशी हो? ही भिंत, ही खिडकी, हा नळ, तिकडे मागे बाथरूम. झाली दाखवून.

कळतंय ना मी बोलते ते? भरभर बोलते मी, मशीन चालू असताना बोलायची सवय, हळू बोललं तर गिऱ्हाइकाला ऐकूच जायचं नाही. कळतंय? बरं. तीन महिन्यांत शिकलात? शाब्बास. नाही, मनापासून म्हणतेय. तुमच्याआधी जे आले त्यांना सात-सात वर्षं झाली, अजून 'किती' आणि 'जास्त आहे' या दोन शब्दांवर भागतंय त्यांचं. — काय बघताय फोनमध्ये? यादी? कसली यादी? दाखवा. चष्मा कुठे ठेवला मी... हां. वाचून दाखवा तुम्हीच. परवडणारे देश — राहणीमान उत्तम — आणि आम्ही कितवे? चौथे! वा. शाळेत माझा नंबर कधी विसाच्या आत आला नाही आणि घरबसल्या चौथी आले. कोणी काढले हो हे नंबर? कोण आलं होतं इथे मोजायला? वाचा पुढे. घरभाडं कमी. डॉक्टर स्वस्त. हवा चांगली. माणसं हसतमुख. — हसतमुख! त्या दिवशी मी कुठे गेले होते कोण जाणे. वाचा, वाचा, थांबू नका, मी काही तुमच्यावर चिडले नाहीये. चिडले असेन, पण तुमच्यावर नाही. पुढे? 'केस कापणं, चपला शिवणं, कपड्यांची दुरुस्ती, अशी रोजची कामं जवळजवळ फुकट होतात.'

थांबा. हे परत वाचा.

जवळजवळ फुकट. ही मी आहे. अहो, खरंच सांगते, हे मीच आहे. माझ्याबद्दल लिहिलंय हे. तेरा-चौदा वर्षं झाली, एक उंच माणूस आला होता, तुमच्यासारखाच बाहेरचा, दारातून वाकून आत यायचा. त्याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं. आता बटणाचे कोणी पैसे घेतं का? माझी आई शिवायची, तिने मला टीप घालायला शिकवायच्या आधी हे शिकवलं — बटण, हूक, बोटभर उसवलेलं, याचे पैसे मागायचे नाहीत, तेवढ्यासाठी हात पुढे केला तर गिऱ्हाईक मोठं काम दुसरीकडे नेतं. धंद्याची रीत आहे ती! तो कपडा घेऊन उभा राहतो, आपण 'राहू द्या हो' म्हणायचं, तो पुढच्या महिन्यात बायकोचे चार झगे शिवायला टाकतो. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण या उंच माणसाला बायकोही नव्हती आणि झगेही नव्हते. तो नुसती बटणंच आणायचा. मी आपली राहू द्या, राहू द्या. एकदा पँटची अख्खी शिवण घालून दिली आणि वर चहा पाजला. त्याने डोळ्यांत पाणी आणलं हो, म्हणाला, अशी माणसं माझ्या देशात नाहीत. मला काय वाटलं असेल? मी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होते. आणि त्याने घरी जाऊन लिहिलं कुठेतरी, फोटो टाकला माझा, मशीनवर वाकलेली मी, आणि खाली लिहिलं की इथे या, इथे आयुष्य फुकट आहे. मला मुलीने दाखवलं. मी तेव्हा हसले. कपाळ माझं! हसतमुख म्हणून तिथेच नोंद झाली असणार.

मग काय, रांगच लागली. पहिल्यांदा वरचा मजला गेला. मग समोरची इमारत. कोपऱ्यावर पाववाला होता, पहाटे चारला भट्टी पेटवायचा, त्याच्या भट्टीने माझी ही भिंत थंडीत गरम राहायची — हात लावून बघा, आता गार आहे, हो ना? त्याचं भाडं तिप्पट केलं. तो गावाबाहेर गेला. आता तिथे कॉफी मिळते, एवढ्याशा कपात, आणि तो कप आणून देणारी मुलगी त्याच पाववाल्याची सून आहे. चावीवाला गेला. दाईचं काम करणारी ती मागच्या घरातली, ती गेली. म्हणजे माझी गिऱ्हाइकं गेली. चार झगे शिवणारी सगळी गेली, राहिले ते नुसते बटणवाले. तुमचा तो पहिला बटणवाला तरी बरा, चहा तरी प्यायचा माझ्याकडे.

भाव वाढवा म्हणता? तुम्हीच म्हणताय ना हे, भाव वाढवायला हवा होता? वाढवला होता. बटणाला पैसे सांगितले एकदा, एका जोडप्याला. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. ती म्हणाली, आम्ही तर वाचलं होतं की इथे... आणि मी — मी काय केलं असेल? मी म्हटलं, राहू द्या. तोंडातून निघून गेलं. सवय. इतका राग आला मला माझाच की ते गेल्यावर कात्री आपटली, ही बघा, टेबलावर खोक पडलीय.

मुलगी कुठे असते? तुमच्याकडेच. तुमच्याच देशात हो, नाहीतर कुठे? तिनेही यादीच बघितली होती. तुमच्या यादीत खर्च बघतात, तिच्या यादीत पगार बघतात, एवढाच फरक. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालते, खाऊ घालते. चौघी जणी एका खोलीत राहतात, पाळीपाळीने झोपतात, कारण खाटा दोनच आहेत. म्हणून सांगितलं तुम्हाला, खाट मिळणार नाही. ती फोनवर दर वेळी विचारते, आई, माझी खाट आहे ना गं तशीच? मी म्हणते, आहे, चादरसुद्धा बदलली काल. आहेच की! खोटं कुठे बोलले? खाट आहेच. खोली महिनाअखेरपर्यंत आहे, एवढंच सांगितलं नाही तिला. सांगून काय होणार? ती तिथून रडणार, मी इथून रडणार, आणि फोनवाल्या कंपनीचं भलं होणार.

हो, मी इथेच राहते. मग? तुम्हाला काय वाटलं, दुकान आहे? मालकांनी सांगितलं रिकामी खोली आहे म्हणून? रिकामी! सव्वीस वर्षं राहतेय मी या रिकाम्या खोलीत. नवरा इथेच गेला, त्या खिडकीखाली. मुलगी इथेच चालायला लागली, मशीनच्या पायाला धरून. तो पडदा सरकवा, मागे माझी चूल आहे. बघा, बघा, चूल बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

तुम्ही का आलात पण? नाही, खरंच विचारतेय. चांगलं घर असेल तुमचं, पेन्शन आहे, शाळेत शिकवत होतात म्हणता. — भाड्याचं होतं? किती वर्षं राहिलात? एकतीस? आणि मग? — काय म्हणता. तुमच्या मालकाने? आणि तुम्ही काही बोलला नाहीत? पुस्तकं वाटून टाकलीत... मांजर शेजारणीला... अगं बाई. थांबा, पाणी देते. नको? नको तर नको.

म्हणजे तुम्हालाही काढलंच. बरोबर आहे. तुम्हाला तिथून काढलं, तुम्ही यादी उघडली, चौथ्या नंबरावर बोट ठेवलंत आणि माझ्या खोलीत आलात. मला वाईट वाटतंय हो तुमच्याबद्दल, आणि त्याचाच जास्त राग येतोय. आल्यापासून ठरवलं होतं, या बाईला मनसोक्त शिव्या घालायच्या, आणि तुम्ही मांजराचं सांगून बसलात. पण मला एक सांगा, ताई. तुम्ही शिकलेल्या आहात. मी कुठली यादी उघडू? महिन्याला माझ्या हातात जे पडतं, ते त्या फोनमध्ये घाला, आणि बघा त्याला कुठला देश परवडणारा निघतो. राहणीमान उत्तम नको मला. हवा कशीही चालेल. माणसं तोंड पाडून बसलेली असली तरी चालतील. एक खोली, मशीनला उजेड, आणि एक जादा खाट मावली पाहिजे. घाला ना. — घाला म्हणते ना! का खाली ठेवलात फोन?

नाही निघत. मला माहीत होतं.

काय? खोली नको? असं कसं नको? अहो, मी तेवढ्यासाठी नाही बोलले! हे बघा, ऐका, उठू नका. तुम्ही नको म्हणालात म्हणून मी राहणार आहे का इथे? दुपारी दोनला एक जोडपं येणार आहे, उद्या अजून कोणी. खोली जाणारच. पण तुम्ही नको म्हणालात तर धाकटे मालक मला फोन करून विचारतील, काय सांगितलंस त्या बाईंना? कारण ठरलंय आमचं. मीच हातापाया पडून ठरवलंय. खोली मी नीट दाखवायची, चांगल्या भाड्याने गेली पाहिजे, मग जिन्याखालची जागा माझी — मशीन आणि एक स्टूल, शिवाय मुलीची खाट तिथेच उभी करून ठेवायची परवानगी. रात्री झोपायला पाववाल्याकडे जाईन, त्याच्या बायकोने हो म्हटलंय. त्या जागेवर माझं पोट आहे, ताई, आणि मी अर्ध्या तासात माझ्याच जिभेने ती घालवायला बसलेय.

तर घ्या. घ्याच तुम्ही. चांगली आहे खोली. दुपारी ऊन थेट टेबलावर येतं, पुस्तक वाचायला बसलात तर दिवा लागणार नाही. नळाला पाणी कधी गेलेलं नाही. खिडकीची कडी जरा वर उचलून लावायची, मग पाऊस आत येत नाही, हे मालकांनाही माहीत नाही. मांजर आणलंत तरी मी कोणाला सांगणार नाही. त्या जोडप्यापेक्षा तुम्ही बऱ्या, तुम्हाला निदान कळतं मी काय बोलते ते. आत्ताच्या आत्ता फोन लावा मालकांना, माझ्यासमोर, आणि सांगा की बाईंनी खोली फार छान दाखवली. हसतमुख होत्या म्हणून सांगा.

— लावताय ना? लावा. आणि मग जा. रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा. मला दोन वाजायच्या आत चूल आवरायचीय.