दोन भुऱ्या

दादा : ते भिंग ठेव खाली. भुरी बघायला मला भिंग लागत नाही. अख्खा वाफा पीठ शिंपडल्यासारखा दिसतोय.

छोटी : कधीपासून?

दादा : कोंब फुटले तेच पांढरे फुटले. थंडीही अजून पुरती गेलेली नाही. ओकची चार हजार रोपं, त्यातली शंभर धड निघाली तर नशीब. तू सांगितलंस, भुरी गळलेल्या पानांत दडते, पाला झाडा आणि जाळा. चार वर्षं एक पान ठेवलं नाही आम्ही. मग ही आली कुठून?

छोटी : दादा, जरा बसतोस का?

दादा : डॉक्टरही असंच म्हणाले होते, बसा म्हणून. बोल तू, उभ्यानं ऐकतो.

छोटी : ही ती भुरी नाही.

दादा : मग काय, गिरणीतलं पीठ आहे?

छोटी : दुसरी आहे. त्याच कुळातली बुरशी, सख्खी बहीण म्हण. दिसायला तशीच, मायक्रोस्कोपखालीही जवळजवळ तशीच. जनुकं तपासली तेव्हा कळलं, झाडांवर दोघी आहेत. पहिल्यापासून.

दादा : एकाच झाडावर? आणि भांडत नाहीत?

छोटी : गाठ फारशी पडत नाही त्यांची. पहिली थंडी काढते गळलेल्या पानांवर, आणि उन्हाळा सरता सरता जोर धरते. दुसरी झाडावरच राहते. फांदीवरच्या मिटलेल्या डोळ्यात शिरून बसते आणि कोंबाबरोबर बाहेर येते.

दादा : म्हणजे आम्ही खाली केर काढतोय आणि ही वर निवांत झोपलीय.

छोटी : पानं जाळल्यानं पहिली कमी झाली, ते खोटं नाही. पण मग हिला रान मोकळं मिळालं.

दादा : औषध?

छोटी : वाफ्यात फवारशील. टेकडीवर लावल्यावर कोण फवारणार? तिथली जुनी झाडं तगतील. कोवळी नाही तगत.

दादा : म्हणजे म्हातारी तेवढी उरणार, मागे कोणी नाही.

छोटी : हं.

दादा : 'आम्ही' कसलं म्हणतोय मी. माझी कंबर धरलेली. झाडायची ती, तुझी वहिनी. तोंडाला फडकं, खिशात दम्याचा पंप. मी म्हणायचो, राहू दे, माणूस लावू. तर म्हणायची, वन्संनी सांगितलंय, एक ढीग राहिला तर सगळं मुसळ केरात.

छोटी : दादा...

दादा : यंदा नऊ दिवस धूर होता. दहाव्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. पंधरवडाही काढला नाही तिनं. तू आली होतीस, तुला माहीत आहे. जनुकं कधी तपासलीस?

छोटी : निकालाला वेळ लागतो रे.

दादा : कधी, विचारतोय.

छोटी : गेल्या उन्हाळ्यात.

दादा : पानगळीच्या आधी.

छोटी : पहिला निकाल आला होता. मला वाटलं, नमुने मिसळले असतील. पुन्हा लावले. चार वर्षं मी छातीठोकपणे एकच भुरी म्हणत आले होते. पुरती खात्री झाल्याशिवाय कोणत्या तोंडानं सांगू, असं झालं. एकदा फोन केला होता. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, यंदा मागच्या कुंपणापर्यंत सगळं साफ करते बघा, वन्सं.

दादा : मग?

छोटी : मी 'बरं' म्हटलं.



दादा : वनखात्याचं पत्र आलंय. वाफे नांगरून टाका म्हणतात. सोमवारी ट्रॅक्टर येईल.

छोटी : मी येते सोमवारी.

दादा : नको.

छोटी : एकट्यानं कसं बघशील?

दादा : बघेन. तुझं कामच खात्री करण्याचं, ते कळतं मला. पण 'वहिनी, यंदा राहू द्या' एवढं म्हणायला कसली खात्री लागते गं?