एका किकेत

रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो! आणि कशापायी, तर एका लँब्रेटा स्कूटरपायी! तुम्हाला सांगते, दिवाळीत जाऊबाईंपुढं माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची स्कूटर ना? एका किकेत चालू होते!" आता बोलले कशाला मी? तर त्यांनी अँबॅसडरला नंबर लावल्याचं सांगितलं म्हणून. पण मी जळत नाही हं! मॅट्रिक झालेल्या बाईनं जळू नये, एवढं कळतं मला.

आणि आली की ती गाडी! राहात्याला जाऊबाईंच्या घरी गाडीच्या पूजेचं आवतण! म्हणजे निघताना सगळ्या भावकीसमोर आमची सुरू करणं आलं. आणि आमची कशी? दोन मालकांनी वापरून झालेली! तान्ह्या बाळाला ढेकर काढायला घेतात ना, तसं हिला आधी आडवं निजवायचं, पेट्रोल उतरलं की उभं करायचं, मग ह्यांनी किका मारायच्या, मी डोळे मिटून मोहटादेवीला हाका मारायच्या... केव्हातरी एकदाची खोकते!

केडगावहून निघालो, आमची लेक बेबी पुढं उभी, मी मागं एका अंगावर. उतरले तेव्हा कुंकू कुठं, अंबाडा कुठं! आणि दारात ती... पांढरीशुभ्र, माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी ऐसपैस! नाकावर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, आणि आत सोफा हो, सोफा! छबूबाई, म्हणजे ह्याच जाऊबाई, दार उघडून म्हणतात, "बस की गं! भिऊ नगं, लई मऊ हाय!" बसले. खोटं कशाला बोलू, उतरावंसं वाटेना. पण जळले नाही हं!

"तुमची फटफटी कुटं हाय रं?" थोरले दीर, आबासाहेब. हे म्हणाले, "लावलीये तिकडं, सावलीला." सावली कसली डोंबलाची! कोपऱ्याआड लपवली होती, आडवी करताना कुणी बघू नये म्हणून!

आबासाहेबांनी गाडीचे दिवे लावून ठेवलेले. भर दुपारी! फोटोवाला यायचाय म्हणून! तो काही आला नाही, आणि पंगती उठेपर्यंत दिवे तसेच. निघताना जाऊबाई म्हणाल्या, "थांबा वाईच, बेबीला एक चक्कर मारून आनू." पोर एकदा त्या गादीवर बसली की पुन्हा आमच्या स्कूटरवर उभी राहील? 'आपल्याकडं अशी का नाही?' म्हणाली तर काय सांगू? पण बसवली. जळते म्हणाल्या असत्या ना!

भावकी भोवती जमली. आबासाहेबांनी किल्ली फिरवली... चिक्. पुन्हा फिरवली... चिक्. बॅटरी पार झोपलेली! जाऊबाईंचं तोंड एवढंस्सं! आणि माझ्या मनात... देवा, माफ कर, पण असा काही गारवा पसरला म्हणता! दिवाळीपासूनचं जळणं एका क्षणात विझलं! (नव्हते जळत, पण विझलं!) मी पदर सावरला, मान ताठ केली, म्हटलं, "व्हायचंच हो आक्का, मोठ्या गाड्यांचं असं. आमची आपली एका किकेत..."

तेवढ्यात बेबीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "आबाकाका, गाडी आडवी करा ना! आमचे बाबा रोज करतात! आई, तू देवीला हाका मार!"