गटातला दहावा सामना

(कझाकस्तानातला फुटबॉल सामना काल संपला. फेरो बेटांच्या संघाचा राखीव गोलकीपर बार्दुर विमानतळावरून आईशी फोनवर बोलतोय. आई मार्यून गावच्या घरी एकटी.)

मार्यून : ...म्हटलं तोंडावर, एल्स्पा, तुझा मुलगा शब्दाचा खोटा आहे!

बार्दुर : काय? एल्स्पाला म्हणालीस?

मार्यून : मग कुणाला म्हणू? हिवाळ्यात दुसरं आहे कोण या गावात? तिचा हालूर तुमचा प्रशिक्षक असेल. मला तो चड्डी सावरत फिरणारा हालूरच आहे.

बार्दुर : अगं, पण असं कशाला...

मार्यून : मग काय, हार घालू त्याला? गटात सहा देश, दहा सामने. नऊ वेळा तू बाकावर बसलास, मी ब्र काढला नाही. दहाव्याला त्यानंच आईला फोन केला, की आता आपण वरही जात नाही नि खालीही, मध्यंतरानंतर बार्दुरला उतरवतो. एल्स्पा धापा टाकत आली सांगायला. मी झेंडा चढवला, दोन केक केले. खाडीपलीकडची माणसं आली रेडिओ ऐकायला. आणि तुझं नावच नाही! सगळे माझ्याकडे न बघता केक खात बसले.

बार्दुर : आणि मग मी फोन केला.

मार्यून : हो. तू म्हणालास, 'उतरवलंच नाही त्यानं.' फोन ठेवला नि सुटलेच मी. एल्स्पा माझ्याच कपबश्या विसळत होती.

बार्दुर : काय म्हणाली ती?

मार्यून : हात पुसले, लोकर पिशवीत टाकली नि गेली. अठरा वर्षं रोज दुपारी येते विणायला. आज आली नाही. नाही तर नाही! माझं काय अडलंय?

बार्दुर : जेवलीस?

मार्यून : वाळवलेलं मटण कापलं होतं दोघींपुरतं. ठेवलंय झाकून. एकटीनं काय खायचं?

बार्दुर : आई, ऐक. हालूर शब्दाला जागला होता.

मार्यून : त्याची बाजू घेऊ नकोस हं.

बार्दुर : मध्यंतराला आला माझ्याकडे. म्हणाला, हातमोजे चढव. मी म्हटलं, खांदा दुखतोय.

मार्यून : अरे देवा! दाखवलास का कुणाला?

बार्दुर : खांद्याला काही झालेलं नाही गं.

मार्यून : मग?

बार्दुर : घाबरलो. दोन वर्षं याचीच वाट बघितली, आणि हालूर समोर येऊन उभा राहिला तर सुचलं ते कारण सांगून टाकलं. तुला सांगायची लाज वाटली.

मार्यून : कार्ट्या! आणि मी त्या बाईला चार लोकांत नाही नाही ते... हालूरनं तिला खरं सांगितलं असेल?

बार्दुर : नसेल. पत्रकारांनाही म्हणाला, निर्णय माझा होता. माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलंन.

मार्यून : म्हणजे तीही घरात बसून हेच म्हणत असणार, की आपलाच मुलगा खोटा.

बार्दुर : चुकलं माझं.

मार्यून : चुकलंच. माझंही. थांब, खिडकीतून बघते. धूर निघतोय तिच्या धुराड्यातून. जाते मी.

बार्दुर : काय सांगशील?

मार्यून : जे आहे ते. माझा मुलगा घाबरला आणि माझी जीभ घसरली. तिनं दार उघडलं, तर.

बार्दुर : उघडेल गं. आत्ताच जा.

मार्यून : आणि तू? शेजारी आहे का कुणी?

बार्दुर : सगळे खायला गेलेत.

मार्यून : तुला नाही बोलावलं?

बार्दुर : मला भूक नाही. तू नीघ ना.

मार्यून : निघते. बूट घालायला मला वेळ लागतो. तोवर ठेवू नकोस फोन.