जांभळे पडदे आणि दुसरा कन्सल

...आणि मग मला सांगा, हॉलला जांभळे पडदे लावले म्हणून कुणाचं काय बिघडतं? काही नाही ना? कुणाचंच काही बिघडत नाही? बघा, हेच तर माझं दुखणं आहे. आपल्या समाजाचे सेक्रेटरी, हे विराज, यांनी मला फोन केला की जयसिंगराव, तुम्ही एवढी वर्षं शाळेत इतिहास शिकवलात, ज्येष्ठांच्या मेळाव्यात थोडा वेळ प्राचीन रोमच्या राज्यकारभारावर बोला, हलकंफुलकं बोला, नंतर गोडाला केसरीबात आहे... आणि मी उभा राहिलो की तोंडातून पडदेच बाहेर पडतात. पण उठू नका, रोम येतं त्यात. रोम आल्याशिवाय पडदे कळायचेच नाहीत.

तर तुम्हाला सांगतो, रोमच्या लोकांनी राजाला हाकलून दिलं आणि ठरवलं की पुन्हा एकट्याच्या हातात राज्य म्हणून द्यायचं नाही. मग काय केलं? दोन कारभारी, कन्सल म्हणायचे त्यांना, निवडायला लागले. दर वर्षी दोन. दोघांचा मान सारखा, दोघांचा अधिकार सारखा, आणि गंमत म्हणजे एकानं काही ठरवलं आणि दुसरा म्हणाला 'नको', की संपलं, काम तिथंच थांबलं! दर वर्षी वर्गात कुणीतरी हात वर करायचं, सर, मग कारभार चालायचा कसा? मी म्हणायचो, बाळा, तुझ्या घरी कसा चालतो?

आमच्या घरी तर रोमच होतं. मी एक कन्सल आणि आमची गोजरा दुसरी. मी सकाळी उठून म्हणायचो, गोजरा, गच्चीवर कबुतरं पाळू या का? ती काफीच्या फिल्टरवरून मानसुद्धा वर न करता म्हणायची, "नक्को." तुम्ही आपली बंगळूरची जुनी माणसं, तुम्हाला कळेल, पुण्याच्या 'नको'त चर्चेला जागा असते, आपल्या 'नक्को'त नसते. बरं, रिटायर झाल्यावर आनेकलकडं स्वल्प जागा घेऊन भाजीपाला लावू? "नक्को. तुळशीला पाणी घालायचं तुमच्या लक्षात राहत नै." आणि जांभळे पडदे? त्याला तर ती नक्कोसुद्धा म्हणायची नाही, नुसती माझ्याकडं बघायची.

आता जांभळेच का, तर तो रंग म्हणजे रोममध्ये थट्टा नव्हती हो. मोठ्या अधिकाऱ्याच्या अंगरख्याला जांभळा काठ, आणि लढाई जिंकून मिरवणुकीनं आलेल्या सेनापतीला तर अख्खं वस्त्र जांभळं. हे मी जन्मभर शिकवलं, तपकिरी टेरिकॉटची पँट घालून. माणसाला वाटणार नाही, निदान खिडकीला तरी? आणि त्या सेनापतीच्या रथात म्हणे त्याच्या मागं एक गुलाम उभा असायचा, त्याच्या कानात पुटपुटायला, की बाबा रे, तू माणूसच आहेस, विसरू नको. माझ्या निरोप समारंभात माझ्या डोक्यावर म्हैसूर पेटा घातला, शाल पांघरली, फळांची परडी हातात दिली, हेडमास्तर माझ्याबद्दल काय काय बोलत होते, आणि गोजरा मागून हळूच म्हणाली, "अहो, चेन लावा पँटची."

गोजरा गेल्या श्रावणात गेली.

...तर मी काय सांगत होतो? हां, वर्षं. रोममध्ये वर्षाला सहसा आकड्यानं ओळखत नसत, त्या वर्षीच्या दोन कन्सलांच्या नावानं ओळखत. अमक्या आणि तमक्याचं वर्ष. आमच्या घरातली सगळी वर्षं तशीच होती. घर बांधलं ते जयसिंग आणि गोजराचं वर्ष, ऋतुराज झाला ते जयसिंग आणि गोजराचं वर्ष, छत गळलं तेही आमच्या दोघांचंच. हे वर्ष एकाच नावाचं आहे. मला ते आवडत नाही. चांगलं म्हणावं असं काही सापडलं नाही त्यात.

आता एकटा माणूस राज्य करायला लागला की काय होतं, हे रोमवाल्यांना बरोबर माहीत होतं. फारच संकट आलं तर ते एका माणसाला सगळा अधिकार द्यायचे, डिक्टेटर म्हणायचे त्याला, पण कितीपर्यंत? जास्तीत जास्त सहा महिने. का? तर ज्याला कुणी अडवत नाही तो बिघडतो. मी बिघडलोय की नाही तुम्हीच बघा. दारावर पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला माणूस आला, मी हो म्हणालो. आठवड्यानं दुसऱ्या कंपनीचा आला, त्यालाही हो म्हणालो, त्यानं भिंतीवर पहिलं यंत्र बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं शेजारी दुसरं लावून गेला. जिमचा मेंबर झालो. संध्याकाळचा दहीभात मी भांड्यातूनच खातो, ओट्याशी उभा राहून, कारण बसा म्हणायला कुणी नाही. आणि अशाच एका सकाळी मनात आलं, जांभळे पडदे. घरात मोठ्यानं म्हणालो, "जांभळे पडदे लावू?" आणि थांबलो. फिल्टरमधून काफी ठिबकत होती, दुसरा आवाज नव्हता.

मग म्हटलं कुणाला तरी विचारू, आपण काय जुलमी राजे आहोत? ऋतुराजला फोन लावला. आमचा मुलगा ह्याच गावात राहतो, म्हणजे म्हणायचं ह्याच गावात, तो त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला, मधल्या ट्रॅफिकमध्ये रोमचं अख्खं सैन्य अडकून पडेल. त्याला म्हटलं, अरे, हॉलला जांभळे पडदे लावतोय. तर म्हणतो कसा, "सरी अप्पा, तुम्हाला आवडेल ते करा." अरे, पण जांभळे! "मस्त दिसतील अप्पा, मी मीटिंगमध्ये आहे." कामाला येणाऱ्या सत्यवतीला विचारलं, तर फरशी पुसता पुसता, "सरी सार." अहो सत्यवती, खोलीत अंधार होईल! "सरी सार, लाइट लावा." शेजारच्या वेणुगोपालला गेटपाशी गाठलं, त्याला तर पडदे कुणाचे हेही कळलं नाही, तरी, "सूपर सार, सूपर, सरी!" सगळ्यांचं आपलं सरी. बरं, ठीक, चालेल. फार चांगली माणसं आहेत हो सगळी, माझं मन कुणी म्हणून मोडत नाही. मोडा ना जरा. एवढा एकटेपणा मला रिकाम्या खोलीत वाटला नव्हता, जेवढा त्या सरीनं वाटला.

शेवटी मेट्रोनं चिकपेटला गेलो. गुंडूरावांचं दुकान तुम्हाला ठाऊक असेल, त्या अरुंद गल्लीतलं, पडद्याच्या कापडाचं, आपलेच मराठी, आम्ही कायमचे गिऱ्हाईक. त्या दिवशी गल्ल्यावर ते नव्हते, नवा सेल्समन होता. म्हटलं, जांभळं दाखवा. दाखवलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाच्या घरी बरं दिसेल का? "सरी इरुत्ते सार, छान दिसेल!" आणि मी एखादा शब्द तोंडातून काढायच्या आत कात्री फिरलीसुद्धा. शिवून आणले, रिंगा लावल्या, टांगले. संध्याकाळचं ऊन त्यातून आलं आणि तुम्हाला सांगतो, अख्खा हॉल जांभळा, सोफा जांभळा, दहीभात जांभळा, आणि गोजराचा भिंतीवरचा फोटो, तोही जांभळा. ती तशीच बघत होती. नुसती बघत.

दुसऱ्या दिवशी पडदे काढले, पिशवीत भरले आणि तडक चिकपेट. आता गल्ल्यावर स्वतः गुंडूराव. पिशवी उघडून त्यांनी एक पडदा वर धरला, त्याच्या भोकांतून माझ्याकडं बघितलं. "मास्तर, हे काय?" म्हटलं, परत करायचेत. "शिवलेले? रिंगा लावलेले? परत?" हो. "होत नै." अहो, पण रंग... ते खाली मान घालून पडद्याची घडी करायला लागले. "नक्को, मास्तर. कापलेलं कापड परत घेत नै, हे तर शिवलेलं हाय. नक्को म्हंजे नक्को."

तुम्हाला खोटं वाटेल, मी तिथलं एक स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं. किती महिन्यांनी! चक्क नक्को! मानसुद्धा वर न करता! मी आणखी वाद घातला, मुद्दाम घातला, आणि त्यांनी प्रत्येक मुद्दा मोडून काढला. शेवटी वैतागून म्हणाले, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नै. गोजराअक्कांना घेऊन या, त्यांच्याशी बोलतो मी. त्यांनी हा रंग घेऊ दिला कसा?"

मग मला सांगावं लागलं. गुंडूरावांनी मापाची पट्टी गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. आणि मग हळू आवाजात म्हणाले, "द्या मास्तर. ठेवून जा. घेतो परत. सरी."

सरी! आता हेही! मी पिशवी छातीशी धरली आणि म्हणालो, गुंडूराव, पाया पडतो, तुम्ही तरी असं करू नका. दया आली म्हणून सरी म्हणणारी माणसं मला गल्लीगल्लीत मिळतील. रोममध्ये एक कन्सल वारला की उरलेल्या दिवसांपुरता दुसरा निवडत, त्याची जागा भरायला म्हणून नाही हो, ती कुठली भरतेय, पण पहिल्याला नको म्हणायला कुणीतरी लागतं. त्यांना रोमचं काही कळलं नसावं. पण दुकानदार माणूस, समोरच्याला काय हवंय ते त्यांना बरोबर कळतं. खाली मान घालून बिलबुकात काहीतरी लिहायला लागले आणि म्हणाले, "नक्को. न्या तुमचे पडदे."

तेव्हापासून दर बुधवारी जातो. पडदे काढतो, पिशवीत भरतो, मेट्रोनं चिकपेट, परत घेता का? नक्को. मग काफी येते. आताशा तेही मला एकेक विचारायला लागलेत. मास्तर, मुलगा म्हणतो दुकान विकून टाक आणि घरी बस, विकू? मी म्हणतो, नक्को. कारण देत नाही, रोममध्येही अडवायला एक शब्द पुरायचा. मग घरी येतो आणि पडदे पुन्हा टांगतो.

आणि आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, विराज, तो केसरीबात वाढायला घ्या तुम्ही... भयंकर दिसतात हो ते पडदे.